चौथा खिळा

१

माझी लेक नेयदी पहिल्यांदा साक-हाच्या गुहेत उतरायची होती, त्याच्या आदल्या दिवशी मी देवळातल्या हिरव्या क्रूसापुढे गुडघे टेकून नवस बोलले होते. "बाबा, ती पाण्याखाली असेल तोवर मी काठावरून उठणार नाही आणि पाण्याचा थेंब तोंडात घेणार नाही. तिला वर आण. या कामातून ती शेवटच्या वेळी सुखरूप वर आली, की तुला माझ्या हातानं भरलेलं इपील नेसवीन." आमच्याकडे क्रूसाला बायकांसारखं भरतकामाचं इपील नेसवतात. दुसरं काही बोलायला मला सुचलं नाही. पाण्याचंच का सुचलं, ते क्रूसाला ठाऊक होतं. गावात दुसऱ्या कुणाला नव्हतं.

त्याला चार वर्षं झाली. आमच्या युकातानात जमिनीवर नदी नाही, ओढाही नाही. नद्या सगळ्या पायाखाली. कुठं कुठं चुनखडीचं छत कोसळलंय, तिथं खाली गोल निळं पाणी दिसतं, त्याला आम्ही सेनोते म्हणतो. साक-हा हे आमच्या गावाचं सेनोते. त्याच्या तळाशी गुहेचं तोंड आहे आणि त्या गुहेत नेयदी जाते. पाठीला नव्हे, दोन्ही कुशींना हवेच्या टाक्या बांधून, सापासारखी दगडांतून सरपटत.

माझं काम ठरलेलं. आलामोच्या झाडाच्या पारंब्या जिथं पाण्यात उतरतात, तिथल्या पायरीवर बसायचं. शेजारी फळी. धुण्याची जुनी काथवट फुटली, तिच्या लाकडाची ती मीच केलेली. तिच्यावर तीन खिळे, तीन खिळ्यांवर तीन चकत्या, चकतीवर ज्याचं त्याचं नाव. उतरताना प्रत्येकानं आपली चकती घ्यायची. आत दोरीला जिथं फाटा फुटतो तिथं ती अडकवायची आणि परतताना काढून आणायची. वर आल्यावर आधी चकती खिळ्यावर, मग बाकीचं बोलणं. तीन खिळे भरले की घर भरलं.

त्यांचा एक नियम मला फार आवडतो. हवेचे तीन वाटे करायचे. एक जायला, एक यायला. तिसरा आपला नव्हेच, अडलेल्या सोबत्याचा. मी पाद्रीबाबांना म्हटलंसुद्धा, हे तर तुमच्या प्रवचनात हवं. आणि आणखी एक नियम. दोरीवर कुणाची चकती दिसली, तर समजायचं तो माणूस अजून आत आहे. त्याची चकती काढायची नाही, त्याची दोरी गुंडाळायची नाही.

"दोन्या फिदे, नीट मोजा हं," उतरण्याआधी वेन्से दर वेळी म्हणायचा. तो नेयदीचा जोडीदार, दिवा धरणारा, मला मानानं दोन्या म्हणणारा. "दोघंच आलो तर तिसऱ्याचं जेवण माझ्या पानात."

"तूच तिसरा असलास म्हणजे रे?" मी म्हणायची.

"मग चांगलं भरलेलं पान ठेवा. भुकेला येईन."

काठावर माझी जिवाची मैत्रीण, माझी कोमाद्रे एर्मिला तळलेल्या पानुचोची टोपली घेऊन बसायची. तिला माझ्या नवसाचं भारी हसू. "फिदेन्सिया, घसा तुझा, लेक तुझी, आणि तुझी तहान बघून घाम मला फुटतो! क्रूस काय तुझ्या नरड्यात बसून बघतोय?"

"बघत असेल," मी म्हणायची.

२

त्याच वर्षी राजधानीतून इनेस आली. ती जमिनीखालच्या पाण्यावर चित्रपट काढत होती. कारण असं की गावाच्या वरच्या अंगाला डुकरांचा एक प्रचंड गोठा यायचा होता. घाण मुरवायला खड्डे खणणार होते आणि पंचायतीतले लोक म्हणत होते, खड्डे तिकडे, विहिरी इकडे, संबंध काय? नेयदीला दाखवायचं होतं की संबंध आहे. गोठ्याच्या जागेखालून येणारी गुहा, साक-हा आणि आमची शाळेजवळची विहीर, सगळं एकच पाणी. शेवटच्या बुडीत ती गुहेतून थेट त्या विहिरीच्या तळाशी पोचणार आणि तिथून एक नारिंगी चेंडू वर सोडणार होती. इनेस स्वतः कॅमेरा घेऊन सोबत उतरायची. बारीकशी, पण धीट बाई. आमच्या स्वयंपाकघरात जाळीच्या झोपाळ्यात झोपायची आणि हाबानेरोची मिरची खाऊन रडायची.

दर बुडीनंतर दुपारी ती लॅपटॉप माझ्या टेबलावर ठेवायची. मी तीन दगडांच्या चुलीवर तोर्तिया भाजत बघायची. काय सांगू! मी अठ्ठावन्न वर्षं त्या पाण्याच्या डोक्यावर राहिले, पण पायाखाली एवढं मोठं देऊळ आहे हे मला कळलं नव्हतं. छतावरून दगडी सुळके लोंबताहेत, मेणबत्त्या उलट्या टांगल्यासारखे. आंधळे पांढरे मासे. पाणी इतकं स्वच्छ की नेयदी हवेत तरंगते आहे असं वाटावं. तिची हालचाल बघून माझे हात थांबायचे. घरात भांडी आपटणारी माझी पोर तिथं कशालाही धक्का न लावता जायची, जसं निजलेल्या बाळाच्या खोलीतून जावं.

"आई, तोर्तिया जळतेय."

"जळू दे. तू कुठायस ते बघू दे."

चौथ्या फाट्यावर कॅमेरा थांबला. नवी पांढरी दोरी, तिच्यावर ओळीनं चकत्या. नेयदीची, वेन्सेची, इनेसची. आणि जरा पलीकडं चौथी.

"ही कुणाची?" मी विचारलं.

इनेसनं चित्र थांबवलं. ती चकती प्लॅस्टिकची नव्हती. काळपट, जराशी वाकडी, मधे भोक.

"जुन्या कुणाची तरी," वेन्से म्हणाला. "आपल्या आधीही लोक उतरलेत."

"दोरी कधी टाकली आपण?" नेयदीनं विचारलं.

"गेल्या बुधवारी."

मी तोर्तिया उलटली. ती खरंच जळली होती.

३

आठवड्यानं परत तसंच. दुपार, टेबल, चूल. या वेळी ती चकती तिसऱ्या फाट्यावर होती.

"तूच सरकवलीस," नेयदी वेन्सेला म्हणाली.

"मी? मला माझी पँट वर ओढायला वेळ नसतो आत."

इनेसनं जुनं चित्र आणि नवं चित्र शेजारीशेजारी लावलं. चकती तीच. वाकडेपण तेच. फक्त तोंडाकडे शंभर-सव्वाशे हात पुढं आलेली.

मी सुज्ञपणे विचार करायचा प्रयत्न केला. साक-हाला जाळीचं दार आहे, पंचायतीनं बसवलेलं. त्याची किल्ली माझ्या गळ्यात, मेरीमातेच्या पदकासोबत. अंघोळीलाही मी ती काढत नाही. मग दुसरं कोण जाणार? प्रवाहानं वाहून आली असेल म्हणावं, तर ती दोरीला रीतसर अडकवलेली होती, खाचेत दोरीचा वेढा देऊन. पाण्याला वेढा देता येत नाही.

कोणी मजा करत असेल. कॅमेरा फसवत असेल. मी एकेक कारण हातात घ्यायची आणि खडे निवडावेत तशी बाजूला टाकायची. शेवटी सुपात एकच उरलं. ते मी उचललं नाही.

"दोन्या, तुम्ही घाबरलात का?" इनेसनं विचारलं.

"नाही गं. तुमच्या पोळ्या मोजतेय."

मी चौघांच्या पोळ्या केल्या होत्या. आम्ही चौघंच होतो टेबलाशी, म्हणजे हिशेब बरोबरच होता. तरी मी एक आणखी थापली.

४

तिसऱ्या वेळी चकती दुसऱ्या फाट्यावर होती आणि नेयदी ती घेऊन आली.

चूक झाली ती इथं. पण तिला दोष देता येत नाही, कारण त्यांचा दुसराही एक नियम आहे. नवी दोरी टाकली की आत राहिलेला जुना कचरा उचलून आणायचा. तिला वाटलं हा कचरा. इतकी जुनी वस्तू, तिच्यामागं जिवंत माणूस कसा असेल? तिनं काठावर येऊन आपली चकती खिळ्यावर लावली आणि ती दुसरी माझ्या तळहातावर ठेवली.

"घे. तुझं भूत."

तुंब्याच्या कवटीची चकती. आम्ही ज्या तुंब्यातून मक्याचं पोसोले पितो, त्याच कवटीची. बर्फासारखी गार. मी अंगठ्यानं तिच्यावरचा गाळ पुसला. तापल्या खिळ्यानं कोरलेली एक कोंबडी दिसली. तिला तीन पाय होते.

"आई? आई, बस खाली."

मी बसलेलीच होते.

त्या संध्याकाळी मी तिला सांगितलं. पन्नास वर्षं जे कुणाला सांगितलं नाही ते.

माझा मोठा भाऊ सिंदो विहिरी खणायचा. पावसाच्या पूजेला कोरं पाणी लागतं, बाईची सावली न पडलेलं, म्हणून त्या साली त्याला साक-हाच्या गुहेत पाठवलं. टाक्या नव्हत्या तेव्हा. छातीत मावेल तेवढी हवा, कमरेला घायपाताची दोरी, गळ्यात तुंबा. गुहेत मधे मधे छताशी हवेच्या पोकळ्या आहेत, तिथं श्वास घेत तो पुढं जायचा. फाट्याफाट्यावर दोरीला खुणेची चकती बांधायचा, ही रीत त्याची स्वतःची. चकत्यांवर चित्रं मी काढली होती. मी आठ वर्षांची. कोंबडीला मी तीन पाय काढले आणि तो आठवडाभर हसला. "फिदे, असली कोंबडी मिळाली तर तंगडीवरनं भांडण नाही! एक तुला, एक मला, एक आईला."

आठ वर्षांच्या मुलीला बाई धरत नाहीत, म्हणून दोरीचं टोक माझ्या हातात दिलं होतं. मोठी माणसं वर पूजेच्या तयारीत. सिंदो म्हणाला, "इथनं हलू नको. दोन हिसके दिले तर दोरी आणखी सोड. तीन दिले तर समज मी येतोय, मग ओढायला लाग."

"आणि मग?" नेयदीनं विचारलं.

"मला तहान लागली."

ती माझ्या जवळ सरकली.

"एवढं पाणी समोर, पण ते पूजेचं, त्याला तोंड लावायचं नव्हतं. मी दोरी पारंबीला बांधली आणि वर धावत रांजणाशी गेले. एक वाटी प्यायले. मग आणखी एक. दुसरी वाटी लागत नव्हती, नेयदी. गार होतं म्हणून प्यायले. परत आले तर दोरी सैल होती."

तीन दिवस माणसांनी बुड्या मारल्या. सिंदो मिळाला नाही. मी जागेवरून उठले होते हे मी कुणाला सांगितलं नाही. आईलाही नाही. ती गेली तोवर म्हणत होती, माझ्या फिदेनं दोरी सोडली नाही हो.

नेयदीनं माझ्या हातातली चकती घेतली, उलटसुलट पाहिली. मग हळूच म्हणाली, "आई, मी कुणाची तरी चकती काढली."

५

त्या दिवसापासून आमच्या परसातली विहीर वाजू लागली.

मोठा आवाज नव्हता. तुंबा दगडाला लागतो तसा, टोक. मग बराच वेळ काही नाही. मग टोक. भर दुपारी, मी भांडी घासत असताना. सकाळी, कोंबड्यांना मका टाकताना. मी वाकून पाहिलं, खाली आभाळाचा गोल आणि माझं डोकं. बादली वर टांगलेली, कोरडी.

"चुनखडी आहे," वेन्से म्हणाला. "पाणी उतरलं की हवा सुटते, असे आवाज येतात." तो शहाणा मुलगा आहे, शिकलेला. पण बोलताना तो विहिरीपासून दोन पावलं मागं सरला होता.

मला आवाजाची भीती नव्हती वाटत. भीती वाटायची ती त्याच्या जागेची. पहिल्या दिवशी तो विहिरीच्या शेवग्याकडच्या बाजूनं आला. दुसऱ्या दिवशी चुलीकडच्या. मग परत शेवग्याकडच्या. आंधळा माणूस भिंत चाचपत दार शोधतो, तसा तो विहिरीच्या आतून गोल गोल फिरत होता. खुणेशिवाय.

चौथ्या दिवशी मी काठावर ओणवी झाले आणि म्हटलं, "थांब रे. लावतो आम्ही परत." टोक असा एकच आवाज आला. त्यानंतर विहीर गप्प बसली. हे मी कुणाला सांगितलं नाही, इनेस लगेच कॅमेरा काढेल म्हणून.

शेवटच्या बुडीच्या सकाळी मी हातोडी घेतली आणि फळीवर चौथा खिळा ठोकला.

एर्मिलानं ते बघितलं. "हे काय? चौथं कोण चाललंय?"

"जात कुणी नाहीये," मी म्हटलं.

तिनं नेहमीसारखा टोमणा मारायला तोंड उघडलं, माझ्याकडे पाहिलं आणि टोपलीवरचं फडकं उगाच नीट केलं. मग ती शाळेच्या विहिरीवर गेली, कारण चेंडू बघायचं काम तिच्याकडे होतं.

६

"दुसऱ्या फाट्यावरच लाव. जिथून काढलीस तिथंच," मी नेयदीला म्हटलं.

"हो आई."

"आणि लावताना माफी माग."

"तोंडात नळी असते गं!"

"मनात माग. त्याला ऐकू येतं."

मी तिच्या कपाळावर क्रूसाची खूण केली, मग वेन्सेच्या, मग इनेसच्या. इनेस देव मानत नाही, पण कपाळ तिनंच पुढं केलं. तिघांनी आपापल्या चकत्या घेतल्या, नेयदीनं सिंदोचीही, आणि साडेदहाला पाणी त्यांच्या डोक्यावरून मिटलं.

मी पांढऱ्या दोरीचं टोक हातात धरून बसले. ते पारंबीला बांधलेलं असतं, मी धरायची गरज नसते. तरी मी ते धरते.

बारा वाजले. उन्हाचा खांब सरळ पाण्यात उतरला आणि तळापर्यंत सगळं निळं पेटलं. तोह पक्षी कपारीत बसून शेपटी घड्याळासारखी हलवत होता. माझी जीभ टाळूला चिकटली होती. साडेबारा झाले. एकला ते परत यायला हवे होते. एक वाजला. सव्वा वाजला. म्हणजे हवेचा तिसरा वाटा सुरू झाला होता, सोबत्याचा.

तेवढ्यात वरून आरडाओरडा. एर्मिला, शाळेची पोरं, बाया, सगळे धावत. एर्मिलाच्या हातात अजून ओलसर नारिंगी चेंडू, अख्ख्या गावात मिरवून आणलेला. "आला! फिदेन्सिया, आला! विहिरीतून टुणकन वर आला गं, अंड्यातून पिल्लू यावं तसा! आता बोला म्हणावं पंचायतीला! एकच पाणी आहे, एकच!" ती हसत होती, रडत होती. तिनं शहाळं फोडून माझ्या तोंडाशी धरलं. "पी! आता तरी पी! फत्ते झाली!"

आणि त्याच क्षणी माझ्या हातातली दोरी सैल झाली.

तो सैलपणा मला ओळखीचा होता. तुमच्या हातात कुणाचा हात असतो आणि मग तो नुसता हात राहतो, तसा तो असतो.

शहाळ्याच्या पाण्याचा वास माझ्या नाकात. घसा पेटलेला. मी तोंड फिरवलं.

"कोमाद्रे, बाजूला हो. सगळ्यांना वर ने."

"अगं पण..."

"वर ने म्हणते ना!" मी तिच्यावर आयुष्यात एवढी एकदाच ओरडले.

मी सैल दोरी दोन्ही मुठींत धरली. प्रार्थना आठवेना. फक्त म्हणत राहिले, मी इथंच आहे. मी उठले नाही. मी इथंच आहे.

किती वेळ, सांगता येत नाही. मग दोरी ताठ झाली. एक हिसका. दुसरा. मी श्वास धरला. तिसरा.

मी ओढू लागले.

खाली काळोखात तीन दिवे दिसले. बुडबुडे आले. आधी इनेस, रिकाम्या हातांनी, मग वेन्से, मग माझी नेयदी. ओठ निळे, डोळे मोठे. तिघांनी चकत्या खिळ्यांवर लावल्या. एक, दोन, तीन. मग वेन्से पायरीवर उपडा पडून ढसढसा रडला.

परतताना छताचा तुकडा पडला होता. गाळाचा ढग उठला, दिवा असून आंधळे झाले. इनेसचा कॅमेरा सुटला. आणि दोरी दगडाच्या धारेवर तुटली. आंधळेपणात तुटलेली दोरी म्हणजे काय, ते त्यांच्यातला प्रत्येक जण जाणतो.

"मग तुम्ही आलात कसे?" मी विचारलं.

नेयदीनं आपले तळहात उघडले. त्यांवर बारीक लाल ओरखडे होते, कुसं गेल्यासारखे.

"चाचपताना एक दोरी सापडली. आपली नव्हती. आपली गुळगुळीत असते," ती म्हणाली. "ही टोचत होती, आई."

वेन्सेनं आमची पांढरी दोरी वर ओढून काढली. तीसेक हात आली आणि संपली. टोक उसवलेलं. ज्या दोरीवर मला तीन हिसके मिळाले, तिच्या दुसऱ्या टोकाला काही नव्हतं.

७

सगळे वर गेले. गावात ढोल वाजत होता. नेयदी म्हणाली, "चल आई. तीन खिळे भरले."

मी चौथ्या खिळ्याकडे पाहिलं. तीही पाहत राहिली. मग माझ्या शेजारी बसली, माझ्या मांडीवर डोकं ठेवलं आणि लहान पोरीसारखी झोपून गेली. शहाळं पायरीवर तसंच होतं. त्यात मुंग्या लागल्या होत्या.

ऊन भिंतीवर चढत गेलं. पाच वाजले असतील. मी जपमाळ काढली, डोळे मिटले. दहा-दहा मण्यांच्या तिसऱ्या दशकाशी आले तेव्हा गार वाटू लागलं, रांजणाचं झाकण काढल्यावर येतो तसा गारवा, समोरून. मग थेंब ऐकू आला. पाण्यात पडलेला नाही, दगडावर पडलेला. मग दुसरा, जरा वरच्या पायरीवर.

डोळे उघडावेत का? मला उघडता आले असते. मी स्वतःशी म्हटलं, उघड, काही नसेल, तोह पक्ष्यानं पंख झाडले असतील. पण मनात आलं, आठ वर्षांच्या मुलीला सोडून तो गेला होता. ही पांढऱ्या केसांची म्हातारी त्यानं बघावी, आणि मी त्याला... पन्नास वर्षांनी माणूस कसा दिसतो पाण्यात? मी डोळे घट्ट मिटून घेतले. "नमो मारिया," मी म्हणत होते आणि आवाज माझा नव्हता, त्या मुलीचा होता.

थेंब माझ्या बाजूनं गेले. चुन्याचा आणि जुन्या घायपाताचा वास आला. क्षणभर ते थांबले. मांडीवर नेयदी झोपेत कुडकुडली.

"सिंदो," मी म्हटलं, "मी उठले होते. तेव्हा. पाणी प्यायला."

नुसता आवाज आला. तुंब्याची कवटी लाकडाला लागते तसा, टोक.

मी पाचही दशकं पूर्ण केली आणि मगच डोळे उघडले. पायऱ्या ओल्या होत्या, वरच्या दारापर्यंत. फळीवर चार खिळे, चार चकत्या. चौथी अजून झुलत होती. तिच्यावरच्या कोंबडीच्या तिन्ही पायांवरून पाणी ओघळत होतं.

मग मी ओंजळ केली, साक-हाचं पाणी घेतलं आणि प्यायले. गोड होतं.

८

कॅमेरा दुसऱ्या दिवशी सापडला. पाण्याच्या सर्वांत खालच्या पायरीवर नीट ठेवलेला, काच वर करून. इनेसला वाटलं वेन्सेनं आणला, वेन्सेला वाटलं नेयदीनं.

त्यातलं शेवटचं चित्र आम्ही माझ्या टेबलावर पाहिलं. आधी नुसता गाळ. मग गाळ विरतो. खालून वर पाहिलंय. तिघं चढताहेत, तिघांचेही पाय चित्रात आहेत, नेयदीचे शेवटी. त्यांच्याही वर उजेडाचा गोल, आणि गोलाच्या कडेला एक इवलीशी आकृती बसलेली, हातात दोरी. कॅमेरा जरासुद्धा हलत नाही. धरणाऱ्याला श्वास घ्यावा लागत नसावा, इतका स्थिर. तो बराच वेळ फक्त त्या बसलेल्या आकृतीकडे बघत राहतो.

"हे मी नाही काढलं," इनेस म्हणाली. तिचा चेहरा पांढरा पडला होता, पण नजर हटत नव्हती. मग कुजबुजली, "माझ्या आयुष्यात मी इतकं सुंदर काही काढलेलं नाही."

चित्रपट त्या चित्रावरच संपतो. पंचायतीच्या पडद्यावर गावानं तो पाहिला, पाठोपाठ मेरिदा शहरातही. गोठ्याची परवानगी थांबली. अजून थांबलेलीच आहे, पुढंही थांबेल असा माझा भरवसा आहे. ते शेवटचं चित्र आलं की लोक टाळ्या वाजवायचे विसरतात. कुणी काढलं, असं अजून एकानंही विचारलेलं नाही.

क्रूसाला मी इपील नेसवलं. काठाला निळे टाके आणि त्यांत एक कोंबडी. पाद्रीबाबा हसले, मग त्यांनी कोंबडीचे पाय परत मोजले.

आता तुम्हाला एवढंच सांगणं. तुमच्याही घरचं कुणी ना कुणी तुमच्यासाठी खाली उतरत असेल. विहिरीत, खाणीत, समुद्रात, कुठंही. त्यांच्या काठावर बसा. तहान लागली तरी उठू नका. आणि फळी कराल तेव्हा माणसं मोजून खिळे ठोका, मग वर एक खिळा आणखी ठोका. तो रिकामा राहिला तरी काढू नका.

कुणीतरी अजून आत असतं.